लाल ट्रॅक्टर सुनेच्या नावे

मी, गोदूबाई हरिचंद्र भोईर, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार वडपाडा, बारवी धरण रस्ता, बदलापूर, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवते. वकीलसाहेबांनी धंद्यापुढे 'गृहिणी' लिहिले होते. ते मी खोडायला लावले.

कलम १. राहते घर माझा एकुलता एक मुलगा समर्थ आणि सून तेजस्वी या दोघांच्या नावे समान करावे. भांडीकुंडी त्यांनी आपसात पाहावीत.

कलम २. माझ्या मालकीचे दोन जुने ट्रॅक्टर आहेत. मोठा निळा माझे पती कै. हरिचंद्र यांनी हौसेने घेतला. लहान लाल मी हट्टाने घ्यायला लावला. दोन्ही सांभाळणे आता होत नाही, एकच ठेवावा लागेल. समर्थ म्हणतो निळा ठेवू, ताकद दुप्पट आहे, हळदीच्या वरातीत शोभतो. शोभतो खराच. पण आमची भाताची खाचरे अंगणाएवढी. चिखलणीला निळा उतरला की कोपऱ्यात वळत नाही आणि जडपणाने रुतून बसतो. लाल जागच्या जागी वळतो, चिखलावरून हलका जातो, डिझेल बेताने पितो.

निळ्याला वळायला जागा हवी म्हणून समर्थने मागच्या वर्षी मधला बांधच जेसीबीने काढला. वरच्या खाचरातले पाणी खाली उतरले. वरचे भात करपले, खालचे कुजले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे एवढे शिकलेल्या मुलाला मी काय सांगणार?

तो बांध तेजस्वीने फावडे घेऊन पुन्हा घातला. चिखलणीही तीच करते. म्हणून निळा समर्थला देते, त्याने विकावा नाहीतर मिरवावा. लाल ट्रॅक्टर आणि सगळी शेतजमीन एकट्या तेजस्वीच्या नावे व्हावी. समर्थ, राग धरू नकोस. तू गुणाचा आहेस, पण बिल्डर दारात आला की तुला नाही म्हणता येत नाही. जमीन तुला दिली तर माझ्या दिवसकार्याआधी जाईल, ही मला भीती आहे.

कलम ३. माझे पती आषाढात वारले तेव्हा रोपे लावणीला आली होती. सुतकात शेतात औत घालू नये, अशी आमच्याकडे रीत आहे. मी तिसऱ्या दिवशी लाल ट्रॅक्टर बाहेर काढला. दीर कमळाकर बांधावर उभे राहून ओरडले, "वयनी, घरान सुतक नी तू शेतान? लोका काय बोलतीन?"

मी म्हटले, "भावजी, रोप सुतक पालत नाय."

त्याच पिकाचा भात वर्षश्राद्धाला ते दोनदा मागून जेवले. ते मी विसरलेले नाही.

मी पावसाळ्यात गेले तर तेजस्वीने घरात बसून राहू नये. माझी आग विझली की चिखलणीला लागावे. कोणी अडवले तर त्याला हे कलम वाचून दाखवावे. पोरी, रडू आले तर चालवता चालवता रड. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही. मी तशीच रडले होते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. शब्द माझेच आहेत.

सही : गोदूबाई हरिचंद्र भोईर

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार :
१. द्रौपदी गणू ठोंबरे, शेजारीण
२. बुधाजी पदू म्हात्रे, लगतचे शेतकरी

स्थळ : बदलापूर
दिनांक : ७ मे २०२५