देवीला वाहिलेली जपानी चाल

प्रिय अवंतिका,

नळ आला होता, मी खाली बादल्या भरत होते आणि तू गच्चीवर अजिंक्यचा निळ्या रेघांचा शर्ट दोरीवरून काढून पुन्हा साबणात घालत होतीस. मी खालून ओरडले, “काहून गं, धुतलेला धुऊन राहिली? साबण काय तुझ्या सासऱ्याच्या फॅक्टरीत बनते?” तू कठड्यावरून वाकून हसलीस. म्हणालीस, “आई, डाग राहिला होता.” तुझा फोन टाकीच्या झाकणावर ठेवलेला होता, त्यातून ती जपानी बाई गात होती आणि तिच्यामागून तू. मी बादल्या आत नेल्या, यांना गोळी दिली, तूरडाळ निवडली. दूधवाला “अम्मा जी, आज मलाई अच्छी है” म्हणाला आणि दूध नेहमीसारखंच पातळ होतं. तू खाली आलीस, पोळ्या लाटायला बसलीस. बस, एवढीच सकाळ.

ती सकाळ आठवायचं कारण तुझा मेसेज. फोनवर उत्तर लिहायला घेतलं, दोन शब्द लिहिले, पुसले. परत लिहिले, परत पुसले. माझ्या मनातलं त्या इवल्या चौकोनात मावेना, म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचं वाचन यांनी इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झालं, पण लिहायचा सराव मात्र किराणा सामानापुरताच राहिला.

घरी सगळं बरं आहे. कढीपत्त्याचं झाड गच्चीच्या कठड्याला लागलं. यांची आरामखुर्ची मी खिडकीशी सरकवली आणि आता तिच्यात मीच बसते. पहिल्यांदा बसले तेव्हा वाटलं, कुणी उठवेल. आता सवय झाली. चहा अजून दोन कपांचाच टाकते आणि दोन्ही मीच पिते. तू कपाटात सोडून गेलेली भाषांतरित पुस्तकं वाचून संपली. नावं लक्षात राहत नाहीत, माणसं राहतात.

तू बाहेरच्या खोलीत मुलांना कॉम्प्युटरवर जपानी शिकवायचीस ना, तेव्हा उच्चार सुधारावेत म्हणून गाणी लावायचीस. हे मधल्या खोलीत पडून असायचे. बोलणं कमी झालं होतं, पण ते एक गाणं लागलं की पलंगाच्या काठावर यांचं बोट ताल धरायचं. एक दिवस मला जवळ बोलावून म्हणाले, “भानू, या चालीवर देवीचं गाणं मस्त बसते बघ.” जन्मभर आमच्या भजनी मंडळाला ‘बायकांचा गोंधळ’ म्हणणारा माणूस! मी तुला गाण्याचा अर्थ विचारला. तू कणीक मळत होतीस, मान वर न करता म्हणालीस, “समुद्रावरच्या वाऱ्याचं गाणं आहे, आई.” मी म्हटलं, वारा तर वारा. आम्ही सिनेमाच्या चालींवर देवीची गाणी बसवत आलोय, जपानने काय घोडं मारलं? चार ओळी रचल्या, नर्मदेचा काठ आणला, ओटी आणली, शेवटी जोगवा. नवरात्रात आमच्या खोलीत बसून मंडळाने ते यांना म्हणून दाखवलं. यांनी पूर्ण ऐकलं. दसऱ्याच्या आधी हे गेले.

पुढचं तुला ठाऊक आहे. अजिंक्यची बदली बंगलोरला झाली असं त्याने सांगितलं, आणि बदली नव्हतीच, तिथं ती दुसरी होती, हे आपल्याला नंतर कळलं. आपल्याला म्हणजे मला. कोर्टाचे कागद झाले तरी तू वर्षभर माझ्याजवळ राहिलीस. पुण्याची नोकरी लागली तेव्हा मीच तुझी बॅग भरली. आपल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या सगळ्या ओळखीच्या बायका विचारायच्या, “सून अजून तुमच्याकडेच?” मी म्हणायची, “मुलगा गेला, सून नाही गेली.” तोंडं बघण्यासारखी व्हायची.

आता गंमत ऐक. यंदा मंडळाच्या तालमीला पेटीवरची विभावरी म्हणाली, “मधली ती लचक मला जमून नाही राहिली, मूळ गाणं ऐकव.” तू माझ्या फोनमध्ये ठेवून दिलेलं ते मी लावलं आणि फोन पेटीवर उभा केला. विभावरीची जाडी बोटं, आवाज वाढवायला गेली आणि भलतंच काही दाबलं. पडद्यावर खाली हिंदी अक्षरं सरकायला लागली. आम्ही सगळ्या चष्मे सावरत मोठ्याने वाचू लागलो. तोडकंमोडकं हिंदी होतं, पण अर्थ लागत होता. तुझ्या सदऱ्याला दुसऱ्या घरच्या साबणाचा वास आहे. मी विचारत नाही, मी तो पुन्हा धुते. समुद्रावरच्या वाऱ्या, वास तेवढा घेऊन जा, सदरा मला ठेव.

पेटी थांबली. विभावरी म्हणाली, “अरे बाप्पा! भानुमती, आपण इतकी वर्षं देवीला हे ऐकवून राहिलो?” कुणी म्हणालं, चाल बदला, पाप लागेल. कुणी म्हणालं, पुजाऱ्याला विचारा. तर विभावरीच पदर खोचून म्हणाली, “काही नाही लागत. महादेवाची बायको आहे ती, डोक्यावर गंगा घेऊन फिरणाऱ्याची. तिला नाही कळणार तर कुणाला कळणार?” सगळ्या इतक्या हसल्या की चहा सांडला. मी पण हसले. मग चटई गुंडाळताना मला त्या शर्टाच्या निळ्या रेघा दिसल्या, आणि मी ती चटई तशीच धरून उभी राहिले.

वाऱ्याचं गाणं आहे म्हणालीस. खोटं नाही सांगितलंस तू. आजारी सासरा मधल्या खोलीत, सासू साबणाचा हिशेब करणारी, तू कुणापुढे बोलणार होतीस? पण मला एक बरं वाटलं. तू ते आत दाबून नाही ठेवलंस. रोज सकाळी गच्चीवर उभी राहून, खुल्या गळ्याने, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगत होतीस. फक्त आमच्यापैकी कुणाला ती भाषा येत नव्हती.

त्यानंतर मी तुझी बाकीची गाणीही अक्षरं लावून ऐकली. दुपारी, आरामखुर्चीत. बाई गं, किती फसवलेल्या बायका त्या! आणि पुरुषही. कुणी बंदरावर सोडून गेला, कुणी दुसरीच्या छत्रीतून रस्ता ओलांडला. आधी वाटलं, या देशात सुखाने कुणी नांदतच नाही की काय. मग ध्यानात आलं, या गाण्यांत कुणी शिव्याशाप देत नाही. कप विसळतात, दिवा मालवतात, सदरा धुतात. एवढंच सांगतात आणि गाणं संपतं. मला ते आवडलं. हे गेल्यावर माणसं मला रडायला सांगायची आणि मी यांचे चष्मे पुसत बसायची. मला वेडी म्हणाले असतील. जपानात कुणी म्हटलं नसतं.

तुझं आणि अंबरीशचं ठरलं, हे वाचून मी आधी देवापुढे साखर ठेवली. फोटोत त्याचे कान मोठे आहेत. ऐकणारा असावा. रविवारी अजिंक्यचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं की मी लग्नाला जाणार. तो माझा मुलगा आहे, त्याचा फोन मी घेते, जेवलास का विचारते. तो म्हणाला, “आई, छोड़ो ना, लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “तुझ्या वेळी लोक काय म्हणाले ते ऐकायला तू इथं नव्हतास. मी होते.” मग त्याने हवापाण्याचं काढलं. विभावरीला मात्र मी खरं विचारलं, की मी विधवा, त्यातून पहिल्या घरची सासू, मंडपात माझी सावली नको असेल तर? ती म्हणाली, “ज्याला तुझी सावली नको, त्याला तुझ्या हातचं खायला देऊ नको. बस, हिसाब बराबर.” ती आणि मंडळातल्या दोघी माझ्याबरोबर लग्नाला येतायत. गाणार आहेत. कुठलं गाणं ते तू ओळखशील, शब्द नवे आहेत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुझ्या गुरुवारच्या मेसेजमध्ये शेवटी तू विचारलं होतंस, “आता लग्नानंतर मी तुम्हाला काय म्हणायचं?” तुझी आई तू लहान असताना गेली, आणि अंबरीशची आई आता तुझी आई होणार, म्हणून तुला प्रश्न पडला असेल. त्या दिवशी लिहून पुसत राहिले ते यावरच. मला मुलगी झाली नाही, त्यामुळे रुखवत मांडायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. नवरीच्या आईने ते करायचं असतं, आणि त्यातले अनारसे दुसऱ्या कुणाकडून आणायचे नसतात, असं माझी आई म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला, तेव्हा मी अनारशांचे तांदूळ भिजत घातले.

तुझीच,
आई