चौदा फेरे

गुरुजी, तुमच्या नावाची पाटी मी लावू दिली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. गावात नवी नळयोजना झाली. टाकी नवी, पाइप नवे, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी बसवलेला व्हॉल्व माझा. माझा म्हणजे जालन्याच्या एमआयडीसीत मी जिथं नोकरी करते, तिथं मी आखलेला. तुमचा मुलगा आता पाणी समितीवर आहे. त्याचा फोन आला. "ताई, योजनेला बाबांचं नाव द्यायचं चाललंय. इतकी वर्सं त्यांनीच गावाला पाणी सोडलं. तुम्ही त्यांच्या हातच्या, व्हॉल्वबी तुमचा. तर पाटी तुमच्याच हातानं लावू." मी म्हटलं, सभा लावा, सभेत बोलते. त्याला वाटलं मला आनंद झाला. तसा झालाही होता, पण त्याला वाटला तसला नाही.

तुमचा न्याय मला अजून पाठ आहे. सकाळचे सात वाजलेत, पांढरा पायजमा आणि वर करड्या रंगाचं जाकीट घालून तुम्ही पुढे, आणि तुमच्या मागे सातवीतली आम्ही पाच-सहा पोरं. पाणी सोडणारा शिपाई ओळखीपाळखीच्या गल्लीला जास्त सोडायचा, म्हणून समितीचे सचिव झाल्या झाल्या तुम्ही व्हॉल्वची लोखंडी चावी त्याच्याकडून काढून घेतली. रस्त्याच्या कडेला चेंबर, चेंबरच्या तळाशी व्हॉल्व. वरून उंच दांड्याची चावी खोचून फिरवायची, म्हणजे आतली लोखंडी फळी हळूहळू वर उचलली जाते आणि पाणी सुटतं. पूर्ण उघडायला अठरा फेरे बसायचे. तुम्ही नियम केला, प्रत्येक गल्लीला चौदा फेरे आणि पाऊण तास. पाटलाच्या गल्लीला चौदा, तेवढेच माळावरच्या आमच्या वस्तीला. चावी फिरवायचा मान वर्गात ज्याची मोजणी पक्की त्याचा, म्हणजे माझा. मी दोन्ही हातांनी दांडा धरून फिरवायची आणि मोठ्यानं आकडे म्हणायची. तुम्ही मनगटावरचं घड्याळ बघून वहीत वेळ लिहायचात. शेवटी माळावरचा व्हॉल्व उघडला, की चावी तशीच खोचून आपण शाळेत. तिला हात लावायची गावात कुणाची छाती नव्हती. वेळ झाली की शिपाई ती उलटी फिरवून बंद करायचा आणि बंद करतानाचे फेरे तुम्हाला येऊन सांगायचा. उघडतानाचे चौदा, बंद होतानाचे चौदा. हिशोब जुळला की तुमचा चेहरा असा काही खुलायचा, की मला तेव्हा तुमच्याइतका सच्चा माणूस जगात नाही असं वाटायचं.

आमच्याकडे पाणी यायचं, पण कसं? पाऊण तासातला अर्धा तास पाइप नुसताच फुसफुसायचा, मग करंगळीएवढी धार. खालच्या गल्लीत तेवढ्या वेळात हौद भरून म्हशी धुऊन व्हायच्या. मी एक दिवस दोन्हीकडे हंडा लावून बसले. खालच्या गल्लीत वीस म्हणेपर्यंत हंडा भरला. आमच्याकडे दोनशे झाले तरी पाणी गळ्याशी आलं नाही. हे सगळं मी गणिताच्या वहीत नीट रकाने पाडून लिहिलं आणि तुम्हाला दाखवलं. मला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही वही मिटली, ती माझ्याच डोक्यावर आपटली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालात, "पाणी काय कुणाचं घर बघून वाहतं काय गं? फेरे बराबर म्हंजे पाणी बराबर. बिलकुल फरक न्हाई. माझ्याकडं सगळे सारखे." वर्ग हसला. मी बाकावर उभी राहिले, मधली सुट्टी होईपर्यंत.

गुरुजी, तुम्ही आम्हाला शिव्या दिल्या असत्या, आमच्या वस्तीचं पाणी उघडपणे तोडलं असतं, तर मी तुम्हाला कधीच विसरून गेले असते. तसले बरेच होते, त्यांचे चेहरेसुद्धा मला आठवत नाहीत. तुम्ही सारखं वाटलंत आणि वर आम्ही उपकार मानावेत अशी अपेक्षा धरलीत, ते मला माफ करता येत नाही. माळ चढावर आहे हे तुम्हाला दिसत नव्हतं का? रोज चढून येताना तुम्हाला धाप लागायची, तीही आम्हाला ऐकू यायची.

आणि मग तो दिवस. शिपायानं आमचा व्हॉल्व बंद करताना सतरा फेरे मोजले. तीन जास्त. माझी आई चेंबरशेजारच्या दगडावर कपडे धूत होती, एवढं बघणारे दोघं निघाले. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सभा भरली. आई मला नको नको म्हणत असताना मी तिच्यासोबत गेले. तुम्ही उभं राहून म्हणालात, "सकाळी पोरीनं चौदा मोजले, ते मी माझ्या कानानं ऐकले. ती पोरगी मोजणीत चुकत न्हाई. मंग वरचे तीन आले कुठून?" आईनं माझ्याकडं एकदा बघितलं, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि हात जोडून म्हणाली, "चुकलं माझं." आठ दिवस वस्तीचं पाणी बंद झालं. बाया आईशी बोलेनाशा झाल्या आणि गावानं तिचं नाव ठेवलं, सतरावाली. कुंभार पिंपळगावच्या बाजारात भाजी घेताना कुणी मागून हाक मारायचं, ए सतरावाली, आणि ती वळून बघायची. पोरांची पोरं झाली तरी ते नाव राहिलं. आजही नव्या सुनांना आईचं खरं नाव माहीत नाही.

म्हणून मी व्हॉल्व शिकले. लोक विचारतात, बाईमाणूस या धंद्यात कशी, तेव्हा मी हसून भलतंच काहीतरी सांगते. खरं कारण तुम्ही आहात. मला असा व्हॉल्व करायचा होता ज्यात तुमच्यासारख्या माणसाला फिरवायला काही उरणार नाही. आत एक पितळी शंकू आणि त्याच्यामागे स्प्रिंग, बस्स. पाण्याचा जोर वाढला की शंकू छिद्रात शिरून वाट आवळतो, जोर कमी झाला की स्प्रिंग त्याला मागे ढकलते आणि वाट मोकळी होते. खालच्या गल्लीला ठरल्यापेक्षा जास्त ओढताच येत नाही, त्यामुळे मुख्य पाइपातला जोर टिकतो आणि माळापर्यंत चढतो. सगळ्या गल्ल्यांना एकाच वेळी पाणी सुटतं, आणि पंप पूर्वीच्या निम्म्या वेळात बंद करता येतो. ऐकायला सोपं वाटतं. पहिला नमुना थरथरून शिट्ट्या मारायचा. दुसऱ्यात आपल्याकडच्या पाण्यातला क्षार बसून शंकू चिकटला. मी गावाहून कॅन भरभरून पाणी नेत होते आणि बसमधले लोक मला वेडी समजत होते. तिसऱ्यात शंकूचा उतार बदलला, तेव्हा कुठं जमलं. आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, वर फिरवायला एखादं चाक तरी ठेवा." मी म्हटलं, चाक ठेवणार नाही. दुरुस्तीसाठी पाणी बंद करायचं तर टाकीजवळ करा.

आणखी एक गोष्ट मी केली. जुन्या योजनेचे व्हॉल्व भंगारात निघाले, तेव्हा आमच्या वस्तीचा तो व्हॉल्व मी मागून घेतला. कारखान्यात चाचणीच्या टेबलावर चढवला, पुढे माळापर्यंत जाईल एवढ्या लांबीचा पाइप जोडला, आणि एकेक फेरा उघडत पाणी मोजलं. गुरुजी, पाच फेऱ्यांतच जवळपास सगळं पाणी सुटतं. त्यानंतर सहा करा, चौदा करा, अठरा करा, फरक पडतो तो एखाद्या लोटीचा. अडवतं कोण, तर लांब पाइप आणि चढ. तुमची ती सकाळची मिरवणूक, वही, घड्याळ, माझे दुखणारे दंड, सगळं पाचव्या फेऱ्यालाच संपत होतं. मी त्या टेबलापाशी एकटीच मोठमोठ्यानं हसले. लेथवरच्या माणसानं मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

सभा गेल्या रविवारी झाली. त्याच पटांगणात. मी तो जुना व्हॉल्व सोबत नेला होता, टेबलावर ठेवला, आणि एकेक फेरा उघडून आतली फळी कितपत उचलते ते लोकांना दाखवलं, प्रत्येक फेऱ्याचं पाणी आकड्यानिशी सांगितलं. मग म्हटलं, ज्यांना पाच आणि चौदात फरक नाही हे कळलं नाही आणि चढ-उतार कळला नाही, त्यांचं नाव माझ्या व्हॉल्ववर लागणार नाही. फारच हौस असेल तर टाकीतला गाळ काढायच्या नळावर लावा. तुमचा मुलगा पहिल्याच रांगेत बसला होता. तो तुमच्यासारखा नाही, साधा आहे. मान खाली घालून म्हणाला, "बराबर हाय ताई. न्हाई लावत." मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, हातात तुमची चावी आल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडला, "म्हंजे सतरावालीनं चोरी करूनबी काईच भेटलं न्हाई की!" आणि सगळं पटांगण हसलं. बायकासुद्धा हसल्या. आई त्यांच्यातच बसली होती. मी व्हॉल्व उचलला, पिशवीत घातला आणि चेन लावत राहिले.

घरी आल्यावर आईनं चहा ठेवला. मी म्हटलं, "बघितलंस का, कसं उतरवलं त्यांना?" तिनं चुलीत काटक्या सरकवल्या. गॅस आहे, पण चहा ती अजून चुलीवरच करते. मग म्हणाली, "मला त्या फेऱ्याचं काई कळत न्हाई बाई. तवा बी तू तिथं उभी व्हतीस. आज बी उभी व्हतीस." तिच्या आवाजात राग नव्हता. चहा गाळून तिनं माझ्यापुढं ठेवला आणि वाळवण काढायला बाहेर निघून गेली.

गुरुजी, त्या सकाळी मी अकरा हा आकडा म्हटला आणि चावी दोनदा फिरवली. बाराला दोनदा, तेराला दोनदा. तुम्ही घड्याळ बघत होतात. बाकावर उभं केल्याचा राग होता, आणि तीन फेऱ्यांनी आमचा हंडा भरेल असंही वाटलं होतं. सभेत तुम्ही म्हणालात, ही मोजणीत चुकत नाही, तेव्हा मला कबूल करता आलं असतं. पण ते ऐकून मला अभिमान वाटला होता. आईची मान खाली जात होती आणि मला अभिमान वाटत होता.

तिला सुरुवातीपासून माहीत होतं, हे मला रविवारी कळलं. पुढच्या महिन्यात सभा आहे. तिथं तुमच्याविरुद्ध आणखी बोलायचं ठरवलं तर अजून दोन तास बोलेन, एवढं माझ्याकडं आहे. पण सतरा फेरे कोणी फिरवले हे त्या पटांगणात उभं राहून सांगायची हिंमत मला अजून होत नाही. तुम्ही तर गेलात, म्हणून तुम्हाला सांगितलं.