होडीतली चूल

मी, दुर्गाबाई, कैलासवासी जगदेव इंगोले यांची विधवा, वय वर्षे बासष्ट, धंदा वसतिगृहात स्वयंपाक, राहणार मेडशी, तालुका वाशिम, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाचाही दाब नसताना लिहून ठेवते. डोळे अधू झाले आहेत, डोके शाबूत आहे.

१. राहते घर, दोन खोल्या व परसातले लिंबाचे झाड, मुलगी गंगू हिला द्यावे. जावयाने त्यात वाटा मागू नये.

२. पितळी गंज, परात व मोठे ओगराळे वसतिगृहाला द्यावे. मुलांच्या वरणात पाणी वाढवणाऱ्याच्या हाती ओगराळे देऊ नये.

३. पोस्टातली शिल्लक गंगूचीच. ती कोणाच्या लग्नात घालू नये. गंगूने त्यातून गाडीचे तिकीट काढावे व समुद्र पाहून यावे. याचे कारण लिहिणे भाग आहे.

सन १९६२ साली सरकारी प्रसिद्धीची मोटार गावात आली. शाळेच्या पटांगणात पडदा लावून प्रांतोप्रांतीच्या जेवणाचा माहितीपट दाखवला. त्यात केरळातली एक बाई होडीत चूल पेटवून मासे रांधत होती आणि होडी समुद्रातून चालली होती. मी जन्मभर एका जागी बसून भाकरी थापल्या. चूल घेऊन बाई निघू शकते, हे मला ठाऊक नव्हते. शेजारी धाकटी जाऊ ललिताबाई बसली होती. तिने माझा हात धरला. “बाई, आपून दोघी एकडाव जाऊ तिथं. तुमची आन.”

बारा वर्षे आम्ही तेच बोललो. स्टेशनांची नावे वाचता यावीत म्हणून मी प्रौढांच्या वर्गात बसले. सन १९७४ मध्ये तिच्या मुलाने दोघींची तिकिटे काढली. शुक्रवारची गाडी, असे ललिताने सांगितले. मी दशम्या बांधून जऊळका स्टेशनावर गेले. तिथला हमाल खेमा म्हणाला, “ललिताबाई? ते त बुधवारीच गेली, इहिणीसंग.”

ती मुलाच्या सासूला, विहिणीला, घेऊन गेली होती. दशम्या परत आणल्या. तीन दिवस मीच खाल्ल्या.

ती आल्यावर मी विचारले, “काहून असं केलं?”

“इहीणबाई अडून बसली. तिकिटं दोनच. तिले नाही कसं म्हनू?”

“मंग मले सांगाचं होतं.”

“सांगतलं असतं त तुमी रडल्या असत्या.”

त्यानंतर मी तिच्याशी बोललेले नाही. ती मात्र ओट्यावर बसून होडीतल्या माशांची चव गावाला सांगत असते. भिंत एकच असल्याने मला सगळे ऐकू येते.

४. तिने तिकडून माझ्यासाठी आणलेला करवंटीचा पळा फडताळात आहे. त्याला आजवर कालवण लागलेले नाही. तो ललिताबाईस परत द्यावा.

५. माझ्या मयतीला तिला अडवू नये. रडायचे तर रडू द्यावे. मग हे कलम तिला वाचून दाखवावे, आधी नाही: त्या बुधवारच्या आधी तू येऊन मला नुसते विचारले असतेस, तर “जाय, इहिणीले घेऊन जाय,” असे मीच म्हटले असते.

लिहून ठेवणार: दुर्गाबाई जगदेव इंगोले (सही स्वहस्ते)
साक्षीदार: शेषराव भिवाजी खडसे, शिक्षक, मेडशी
साक्षीदार: माणिकराव दौलतराव घुगे, मेडशी
मुक्काम मेडशी, ९ मार्च १९७६