साहेबाचे सात पानांचे झाड

सोलापूर, वैशाख शुद्ध तृतीया

चिरंजीव सौभाग्यवती वच्छीस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तीन महिन्यांत उत्तर नाही, तेव्हा बहीण नावाची वस्तू सोलापुरात ठेवून तू विसरलीस असे धरून चालते. गुडघे काय म्हणतात? माझे दात तेवढे गेले, बाकी सगळी आहे. अक्षर नातसून मालतीचे. चुका तिच्या, शहाणपण माझे.

अगं, अजून हातपाय गार आहेत की! आपल्या नातवाच्या, कमलाकरच्या, गिरणीतला गोरा साहेब सहा महिने विलायतेला गेला आणि जाताना एक काचेची पेटी आमच्या गळ्यात घालून गेला. पेटीत पाणी, तळाला वाळू आणि वाळूत बुडालेले वीतभर झाड. मासा औषधालाही नाही! फूल नाही, फळ नाही, देवाला चालत नाही. दोन महिन्यांनी एक पान येणार. (मालतीच्या बाळासोला दात याहून लवकर आले.) कमलाकर रोज पाने मोजी. सात. झाड जगले तर साहेब त्याला हेडक्लार्क करणार होता.

आमच्याकडे नळ दिवसाआड, आणि इथे दोन घागरी पाणी महिनोन्महिने शिळे! पाडव्याला मला राहवेना. कमलाकर कामासाठी मुंबईस गेलेला. मी झाड उपटून बाजूला ठेवले, पेटी राखेने लख्ख घासली, ताजे पाणी भरून झाड परत लावले. तीन दिवसांत साती पानांची पेज झाली गं! पोराची बढती मी माझ्या हाताने राखेत घातली.

साहेब तर सोमवारी येणार होता. तू विसरली असशील, पण गेल्या पावसाळ्यात तूच दिलेला अळू आमच्या मोरीपाशी आहे. त्यातली तीन बारकी रोपे, बरोबर सात पाने, वाळूत खोचली आणि देवापुढे साखर ठेवली. कमलाकर आला, पाने मोजली, सात भरली, माझ्याकडे एकवार पाहून पुन्हा मोजली. साहेब आला, टोपी काढून पेटीपुढे वाकला. मालतीने माझा दंड असा धरला की वळ उठला. साहेब म्हणतो काय, "आजीबाईंच्या हाताला गुण आहे!" कमलाकर हेडक्लार्क झाला. पण पेटी नेली नाही मेल्याने! इथेच छान वाढते म्हणे. दर रविवारी बघायला येतो.

मुलाबाळांना आशीर्वाद.

ता. क. अळूला चार दिवसांत नवे पान फुटते आणि ते पाण्याबाहेर मान काढते. साहेबाच्या झाडाला आठवे पान श्रावणाआधी येता कामा नये. म्हणून दर शनिवारी जादा पाने खुडते, मोरीकडची थोडी घालते आणि वड्या करते. रविवारी साहेब ओसरीवर बसून झाडाकडे बघत बघत त्याच वड्या खातो, वर आणखी मागतो. (बशी वेगळी ठेवली आहे, काळजी नको.)

ता. क. दुसरा. तरी येणाऱ्याबरोबर दोन शेर हरभऱ्याचे पीठ आणि अकलूजचा गूळ धाड. चिंच मात्र विसरू नकोस, भरपूर धाड. साहेबाचा घसा खवखवला की संपलेच.