धूपलता आणि दिवेलागणीचं रडू

२२ ऑक्टोबर २०१८, सोमवार

धूपलता! किती वर्षांनी कुणीतरी हे नाव माझ्यासमोर काढलं — आणि तेही कानात वायरी घातलेल्या पोरानं.

शमीक त्याचं नाव. कोलकात्याच्या एका होमिओपॅथी संशोधन केंद्रातून आला होता. दुर्गापुजो नुकतीच संपलेली, म्हणून आधी वाकून पाया पडला, मग नारळाचे लाडू खाल्ले, मग कामाचं बोलला. म्हणे, धूपलतेची परीक्षा आम्ही नव्यानं घेतोय आणि पहिल्या परीक्षेतली माणसं शोधतोय. आमच्यात परीक्षा म्हणजे धडधाकट माणसांना औषध द्यायचं; त्यांना जे होईल, तेच ज्याला आजारात होतं त्याला ते औषध. ती घेणारे आमचे हालदारसर गेले, बाकीचे कुठेकुठे पांगले. माझा पत्ता तेवढा सोपा — चंदननगरात उतरायचं आणि सुरमा डाक्तारदी कुठे राहतात म्हणून विचारायचं.

त्यांची पद्धत वेगळी. निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना नुसत्या साखरेच्या गोळ्या, आणि कुणाला काय मिळालं ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. सगळ्यांना एकाच बाटलीतलं. वेलीचं नावही माहीत — आम्हीच तर ती सरांबरोबर चिखलात उतरून उपटून आणली होती!

तुम्ही धूपलता कशावर देता, असं त्यानं विचारलं. मला आठवावंसुद्धा लागलं नाही. दिवेलागणीचं रडू. कारण नाही, दुखणं नाही, पण दिवा लागला की डोळे भरतात. पुस्तकात ठळक अक्षरांत आहे.

तो लाडू हातात धरून थांबला. "तेच आमच्याकडे कुणाला होत नाहीये, डाक्तारदी. गोळीवाल्यांना नाही, साखरवाल्यांना नाही."

२३ ऑक्टोबर

दिवसभर कॉलेजच्या हॉस्टेलच्या व्हरांड्यातच होते मनानं.

थंडीतली सकाळ. शालीत गुरफटून ओळीनं बसायचं, चिमणीच्या पिल्लांसारखं तोंड उघडायचं. सर कागदाच्या पुडीतून जिभेवर गोळ्या सोडत जायचे. कांदा बंद, पान बंद, कापूर बंद, चहासुद्धा बंद! लेखा म्हणायची, "सुरो, ही औषधाची परीक्षा नाही, आपल्या बापजाद्यांच्या पापाची आहे."

मग रोज काय झालं ते सरांना सांगायचं. डोकं डावीकडे दुखलं की उजवीकडे. स्वप्नात पाणी होतं का, असलं तर वाहतं की साचलेलं. वर्गातल्या पुरुषोत्तमला काहीच होत नसे, म्हणून तो सरांना सांगायला दुसऱ्यांकडून खाज उसनी मागायचा. हसून हसून पोट दुखायचं आणि मग तेही सांगायचं — पोटात दुखणे, हसल्यावर वाढते.

रडू लेखाचं होतं. माझी खोली तिच्यासोबत. संध्याकाळी मी कंदील लावला की ती भिंतीकडे तोंड करायची. आवाज नाही. नुसते खांदे हलायचे. मी घाबरून सरांना बोलावून आणलं, तर सर आनंदले! म्हणाले, ही खरी खूण सापडली.

परीक्षा सुरू व्हायच्या थोडं आधीच ह्यांच्या घरचे मला बघून, पसंत करून गेले होते. फाल्गुनात लग्न. त्यानंतर मी आणि लेखा एका छपराखाली कधी राहिलो नाही. काही वर्षं विजयादशमीची पत्रं. मग तीही नाहीत.

२५ ऑक्टोबर

मिनतीला घेऊन तिची सासू आली. तिसरी खेप. बाळंत झाल्यापासून मिनती संध्याकाळी रडते. मी अर्थातच धूपलता दिली होती — आणखी काय देणार? सासूला माझ्यावर देवासारखा भरवसा, कारण तिची जाऊ याच गोळ्यांनी बरी झाली होती. झाली होती खरी. मला आठवते ती.

मिनती ओल्या फडक्यासारखी बसली होती. बाळ सासूच्या मांडीवर. तिनं एकदाही तिकडे पाहिलं नाही.

गोळ्यांची पॉवर वाढवून दिली.

२६ ऑक्टोबर

करमत नाही.

२८ ऑक्टोबर

शमीकचा फोन. लेखा सापडली! इंदुलेखा बागची, शाळेतून निवृत्त, राहणार कालना.

कालना! बांडेलला गाडी बदलली की झालं. मी समजत होते ती आसामात भावाकडे असेल. इतकी वर्षं एकाच नदीच्या काठावर होतो आम्ही.

त्यानं विचारलं, मी जाऊ का तिला भेटायला? मी म्हटलं, तू नको. मी जाते.

३० ऑक्टोबर

जाऊन आले. आल्या आल्या लिहिते.

दार तिनंच उघडलं. केस पांढरे, बारीक कापलेले. मला वाटलं होतं मिठी मारेल, रडेल. ती म्हणाली, "चप्पल आत आण, कुत्रं पळवतं." आणि मग एकदम दोघीही हसायला लागलो.

लुची, मैद्याच्या पुऱ्या, तळल्या तिनं. वांग्याची भाजी केली. मी किती जाडी झाले, ते दोनदा सांगून झालं. डॉक्टरकी तिनं कधी केलीच नाही. आमच्या परीक्षेनंतर वर्ष पुरं केलं आणि शाळेत लागली. एकटीच राहिली. मुली अजून भेटायला येतात म्हणे, स्वतःच्या मुलींना घेऊन.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. शमीकचं सांगितलं. म्हटलं, तुझ्या रडण्यावर आमची डॉक्टरकी चाललीये गं, बंगालभर. किती बायांना दिलं असेल मी.

ती भांडी आवरत होती. थांबली.

"ते गोळ्यांनी नव्हतं, सुरो."

मी म्हटलं, म्हणजे?

"पहिली पुडी मिळाली त्याच्या आधीपासून रडत होते मी. तुझं लक्ष नव्हतं. सरांना मी सांगितलं होतं, हे जुनं आहे, धरू नका. ते म्हणाले, आधी थोडं असेल, औषधानं उफाळून आलं."

मग का रडत होतीस? मी विचारलं. तिनं नळ बंद केला. म्हणाली, तुझी गाडी चुकेल.

परतीच्या गाडीत मुरमुरेवाला आला, चहावाला आला. काही घ्यावंसं वाटलं नाही.

३१ ऑक्टोबर

सकाळी पेटी उघडून बसले. धूपलतेच्या बाटल्या एका रांगेत. बुचं काढून वास घेतला — तोच, स्पिरिटचा, हॉस्टेलचा.

सर खोटारडे नव्हते. जे हवं होतं तेच त्यांना मिळालं, एवढंच. त्यांनी लिहिलं, छापलं, आणि आम्ही पाठ केलं. पण मग बाया बऱ्या झाल्या त्या कशानं? साऱ्याच काही आपोआप झाल्या नसतील. की झाल्या असतील? आणि ज्या झाल्या नाहीत, त्या परत आल्याच नाहीत — त्यांना कुणी मोजलं?

हे असते तर म्हणाले असते, सुरमा, आधी जेवून घे.

१ नोव्हेंबर

आज जे झालं ते होऊन गेलं म्हणून लिहिता येतंय.

मिनती आली. सासू नेहमीप्रमाणे सांगू लागली — रडणं तसंच, आता खाणंही सोडलं. माझा हात पेटीकडे गेला होता. मागे घेतला. सासूला म्हटलं, मावशी, बाळाला जरा बाहेर ऊन दाखवून आणा.

दार लोटलं. आजवर मी प्रत्येकीला विचारत आले — रडू कधी येतं? कशानं वाढतं? कुशीवर झोपलं की बरं वाटतं का? पुस्तक तेवढंच विचारतं. आज खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि विचारलं, का रडतेस गं?

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग खाली बघत, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "डाक्तारदी, काल मी बाळाला घेऊन घाटावर गेले होते. शेवटच्या पायरीपर्यंत. एक बाई पाणी भरायला आली म्हणून परत आले."

मी तिचे हात धरले, बर्फासारखे गार. गोळी दिली नाही. काय द्यायचं होतं!

सासूला आत घेतलं, सगळं सांगितलं, मनाच्या डॉक्टरला आजच दाखवायला हवं म्हटलं. ती आधी सुनेवर उखडली — आमच्या घरात काय कमी आहे, मुलगा झालाय, नवरा दारू पीत नाही. मग माझ्यावर. म्हणाली, आपण वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवताय माझ्या सुनेला? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, मावशी, लोक घाटावर गोळा होतील तेव्हा काय म्हणतील, ते आधी ठरवा. असं कधी बोलत नाही मी कुणाला.

ती मटकन बसली. मग तिनंच मिनतीच्या खांद्यावर पदर सारखा केला.

टोटो, बॅटरीवरची रिक्षा, बोलावली. मीही गेले सोबत, सरकारी इस्पितळात. तिथली डॉक्टर पोरगेलीशी. सगळं ऐकून मिनतीला लगेच दाखल करून घेतलं. म्हणाली, बाळंतपणानंतरचा आजार आहे हा, औषधानं बरा होतो, वेळेत आणलंत. मिनतीला एकटं सोडायचं नाही. सासू म्हणाली, मी बसते. आणि बसली, तिथेच जमिनीवर.

माझी ओळख विचारली त्या मुलीनं. मी म्हटलं, शेजारीण.

६ नोव्हेंबर, कालीपुजो

मिनती बरी वाटते. बरी म्हणजे — बाळाचं टोपडं सरळ केलं तिनं आज. सासूनं मला खुणेनं दाखवलं.

१० नोव्हेंबर

शमीक आला. त्याच्या आधी लेखाला फोन करून विचारलं होतं. ती म्हणाली, सांगून टाक, पण कारण विचारलं तर माझ्याकडे पाठवू नकोस.

सगळं सांगितलं त्याला. पोर खूश होईल असं वाटलं होतं. उलट चेहरा उतरला. त्याच्या आजोबांचाही दवाखाना होता म्हणे, कृष्णनगरला. लहानपणी ताप आला की आजोबा जिभेवर गोळ्या ठेवायचे. मला म्हणाला, "तुमच्या हातून माणसं बरी झाली, हे तर खोटं नाही ना?"

"नाही. पण कशानं झाली ते मला माहीत नाही. ते शोधणं तुझं काम. मिळेल ते लिही. हवं ते लिहू नकोस."

गेला तेव्हा पुन्हा पाया पडला. या वेळी लाडू नव्हते.

दवाखाना बंद करणार नाही. सर्दी, खोकला, पोरांचे दात — लोक येतात. पण धूपलतेची रांग वरच्या फळीवर टाकली. जागा रिकामी दिसते, दात पडल्यासारखी.

१३ नोव्हेंबर

जगद्धात्री पुजोचे दिवे लागायला सुरुवात. रस्ताभर बांबू. लेखाला फोन करून म्हटलं, ये बघायला, आमच्या चंदननगरासारखे दिवे कुठे नाहीत. गर्दी सोसत नाही म्हणाली.

१६ नोव्हेंबर

आली! हातात एक पिशवी. उद्याच्या गाडीनं परत जाणार म्हणे.

१७ नोव्हेंबर

काल संध्याकाळी गच्चीवर बसलो होतो. खाली सगळी गल्ली एकदम उजळली. मी तिच्याकडे पाहिलं — डोळे कोरडे होते. मी काही विचारलं नव्हतं. तिचं तीच बोलली.

"तुझं लग्न ठरलं होतं, सुरो. दुसरं काही नव्हतं."

रात्रभर मी छताकडे बघत पडले होते. तीही जागीच होती बहुतेक. सकाळी चहा करून दिला, कपाटातला एक खण रिकामा केला, तिची पिशवी त्यात ठेवली. गाडी गेली तेव्हा आम्ही मासळी निवडत होतो.