तीन नंबरचा सिलिंडर

१० जून, बुधवार
गाडी सिग्नलला थरथरली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. ही म्हणाली, गॅरेजला टाका. म्हटलं, गॅरेजवाल्याला पोसायला मी बसलेलो नाही. रविवारी लेकीला हॉस्टेलवर सोडायचंय. आपल्या गाडीने, मी स्वतः चालवत. शब्द दिलाय. वेळ चिक्कार आहे.

११ जून
स्कॅनर आणला. स्टिअरिंगखाली खोचला की गाडी आपलं दुखणं सांगते. तीन नंबरच्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं सर्किट बिघडलंय म्हणे. म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या त्या नळीला करंट मिळत नाही. निदान झालं, आता उरलं काय? उद्या पहाटे उठून उरकून टाकतो.

१२ जून, दुपार
उशिरा उठलो. अर्धवट झोपेत विजेच्या कामाला हात लावू नये. बॅटरीच्या बाजूने मोजत तिसरा इंजेक्टर गाठला, मीटर लावला. ठणठणीत. वायर तपासली, तीही ठणठणीत. मीटरच भिकार असणार.

संध्याकाळ
नवा इंजेक्टर आणून बसवला. दिवा तसाच. मेहुण्याचा फोन. माझी गाडी काढतो, सगळे मिळून जाऊ म्हणाला. त्याची गाडी नवी आहे हे आम्हाला माहीत आहे. नको म्हटलं.

१३ जून
जुना काढ, नवा घाल, पुन्हा जुना घाल. दिवा ढिम्म. स्कॅनर खोटारडा आहे. गॅरेजवाला जाता जाता म्हणाला, काका, बघू का? म्हटलं, आता फक्त शेवटचा हात फिरवायचाय. हसला. लोकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही.
लेक अंगणात आली. म्हणाली, बाबा, राहू दे, आपण मामाच्या गाडीने जाऊ. म्हटलं, दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून मी माझ्या मुलीला पोचवणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. बॅग भरायला गेली.

१४ जून, सकाळ
मेहुणा आला. गाडी धुऊनपुसून, मुद्दाम. सामान चढलं. ही पुढे बसली. लेकीने मिठी मारली. माझे हात ग्रीसने बरबटलेले, म्हणून लांबच धरले. म्हटलं, व्हा पुढे, मागून येऊन गाठतोच.

दुपार
घरात कुणी नाही. छान एकाग्रता होते. गाडीचं मॅन्युअल आज पहिल्यांदा उघडलं. सिलिंडर म्हणे इंजिनच्या पट्ट्याच्या बाजूने, म्हणजे बॅटरीच्या उलट टोकाकडून मोजायचे. म्हणजे चारांतला माझा तिसरा तो कंपनीचा दुसरा. ही सरळसरळ कंपनीची चूक. माणूस जिथे उभा राहतो तिथून मोजायला नको? खऱ्या तीन नंबरच्या कनेक्टरमधून वायर निसटली होती. खोचली. दिवा गेला. एकट्याने करून दाखवलं. आंघोळ करून निघतो.

संध्याकाळ
लेकीचा फोन. खोली बरी आहे, पलंग खिडकीपाशी मिळाला. सांगितलं, गाडी लोण्यासारखी चालतेय, हा काय निघालोच. म्हणाली, आता नका येऊ, भेटायची वेळ संपली, आई आणि मामाही परत निघाले. मग म्हणाली, गाडीत मागच्या सीटवर मी एकटीच होते, बाबा. सामान सगळं डिकीत टाकलं होतं, तुम्ही ऐन वेळी याल म्हणून.
म्हटलं, काम अर्धवट सोडून कसा येणार होतो? हो म्हणाली.
गाडीत येऊन बसलोय. इंजिन चालू ठेवलंय. आवाज अगदी व्यवस्थित आहे.