पेवात उतरलेलं पाणी

आत्याबाई, गेल्या आठवड्यात इथल्या न्हाणीघराची भिंत फुगली. इथल्या म्हणजे धाराशिवला, तुमच्या नातवाच्या घरातल्या. हल्ली नळ भिंतीच्या पोटात असतात. ते आतल्या आत कुठंतरी पाझरतात आणि पाणी निघतं भलतीकडंच. आमच्याकडं ते देवघराच्या कोपऱ्यात निघालं. नळवाला आला, त्यानं भिंतीवर बोटांनी टकटक केलं, दोन फरश्या फोडल्या, सांधा बदलला आणि चहा पिऊन गेला. सूनबाई म्हणाली, "आई, यांना कसं हो कळतं नेमकं कुठं फोडायचं?" मी म्हटलं, "कळत नाही गं. चुकत चुकतच जावं लागतं." तिला वाटलं, मी नळवाल्याची चेष्टा करते आहे. मी तुमच्याबद्दल बोलत होते. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही, म्हणून आज कागद घेऊन बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं हे पत्र तुमच्या हयातीतही तुमच्या उपयोगाचं नव्हतं. पण तुमच्यासमोर मला कधी सलग चार वाक्यं बोलता आली नाहीत. ती कागदावर तरी येतात का बघते.

तो निजामाच्या राजवटीतला शेवटचा पावसाळा. शेवटचा आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? सास्तूरच्या अलीकडच्या आपल्या गावात दिवस मावळायच्या आत दारं लागत. तुमचा मुलगा गावातल्या इतर तरण्या पोरांबरोबर सरहद्द ओलांडून सोलापूरकडं गेलेला. मामंजी माझ्या लग्नाआधीच वारलेले. घरात तुम्ही, मी आणि एक म्हैस, आणि घराच्या पोटात पेव. आजच्या पोरांना पेव म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. आतल्या खोलीत जमिनीखाली माणूस उभा राहील एवढा खड्डा, त्याला आतून कडब्याचं आणि कडुनिंबाच्या पाल्याचं अस्तर, त्यात वर्षाची ज्वारी. तोंडावर दगड, दगडावर माती, मातीवर सारवण. वरून बघणाऱ्याला नुसती जमीन. सरकारी लेव्हीचं धान्य वसूल करणारे येऊन बाहेरच्या कणग्या रिकाम्या करून गेले होते. आज धाड पडणार, उद्या पडणार अशी आवई रोज उठायची. पेव ठाऊक होतं ते आपल्या दोघींना आणि तुमच्या मुलालाच, आणि पुढच्या सुगीपर्यंत आपल्या दोघींचं पोट त्या खड्ड्यावर होतं.

सारवण माझ्याकडं असायचं. श्रावणात माझ्या लक्षात आलं की सगळी खोली वाळते आणि पेवाच्या तोंडाजवळचा हातभर तुकडा तेवढा ओलाच राहतो. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही माझ्यावरच घसरलात. "शेणात पाणी किती वततीस? तुझ्या म्हायेरी नदी हाय. हितं आडातून एक घागर वर येईपतूर हाताला फोड येत्यात." पुढच्या वेळी मी शेण जवळजवळ कोरडंच फासलं. तुकडा ओला तो ओलाच. मग तिथून वास यायला लागला, उरलेलं पीठ भिजून आंबल्यावर येतो तसा. तुम्ही गुडघे टेकलेत, नाक जमिनीला लावलंत, आणि उठलात तेव्हा तुमचा चेहरा बघून मला वाटलं, यांनी आणखी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "जुंधळा भिजाय लागलाय," एवढंच तुम्ही म्हणालात.

गवंड्याला बोलवायची सोय नव्हती. गवंडी आला की पेव गावाला कळलं. उघडून ज्वारी बाहेर काढावी, तर वर पावसाची झड आणि ठेवायला कोरडी जागा नाही. पाणी कुठून येतंय ते आधी शोधायचं, ते बंद करायचं आणि ऊन पडलं की मगच पेव उघडायचं, असं तुम्ही ठरवलंत. माझं मत तुम्ही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मला काही सुचलं नसतं.

पहिला संशय रांजणावर. त्याच्या बुडाभोवती तुम्ही चुलीतली कोरडी राख पसरलीत. सकाळी राख होती तशी भुरभुरीत. रांजण सुटला. मग तुम्ही त्या ओल्या तुकड्यातली चिमूटभर माती उचललीत आणि सरळ जिभेवर ठेवलीत. तुम्ही डोळे मिटून, हळद चांगली की भेसळीची ते बघावं, तशी चव घेत होतात. "आडाचं पानी गोडं," तुम्ही म्हणालात, "न्हानीचं शिकेकाईनं तुरट. ही माती खारट लागतीया. म्हशीचं मूत हाय." गोठा भिंतीपलीकडंच होता, म्हणून मलाही ते पटलं. मग आपण दोघींनी म्हैस परसात बांधली, गोठ्यातली माती खणून काढली, मुरूम घालून चोपून बसवला. शेजारणीनं कुडावरून डोकावून विचारलं, "काय खणताय वं?" तुम्ही वर न बघता उत्तर दिलंत, "म्हशीचं खूर सडाय लागलं बाई. वल लई झाली." ती तुम्हाला हिंग लावायला सांगून गेली. तुमची पाठ त्या खणण्यात जी धरली, ती पुढं कधी सरळ झाली नाही. म्हैस बिचारी पावसात भिजत होती आणि पेवाजवळचा तुकडा ओला तो ओलाच.

त्या दिवशी तुम्ही उंबऱ्यावर बसून राहिलात. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती आणि ती पुसायचं तुमच्या ध्यानात नव्हतं. मी आत गेले. का ते सांगता येत नाही, पण मी त्या तुकड्यातली माती उचलली आणि तुमच्यासारखी तोंडात घातली. पहिल्यांदा आंबूस लागली. मग त्याखाली दुसरी चव आली. ती चव मला तोंडपाठ होती. ती आपल्या माळवदावरच्या पांढऱ्या मातीची होती. घराच्या सपाट छतावर अंथरायला गावठाणातून आणतात ती पांढरी, तीही खारटच असते. तुम्ही ती कैक वर्षांत चाखली नसणार. मी ती रोज खात होते.

मला डोहाळे लागले होते. तुमचा मुलगा गेला तेव्हा माझा एक महिना चुकला होता, आणि ते मी ना त्याला सांगितलं ना तुम्हाला. सांगायचं कसं तेच कळत नव्हतं. आईजवळ असते तर तिनंच ओळखलं असतं. पाऊस उघडला की लाकडं वाळत घालायच्या निमित्तानं मी शिडीनं वर जायची, कठड्याच्या आडोशाला बसायची आणि माती खायची. भूक लागते तशी नाही, तहान लागते तशी मला ती लागायची.

बाहेर येऊन मी म्हणाले, "आत्याबाई, ही माळवदाची माती हाय. पानी वरनं येतंय."

"तुला कसं ठावं?"

मी हात पदरात लपवले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग माझ्या हातांकडं. धरलेली पाठ घेऊन शिडी चढायला लागलात. मी म्हटलं, मी जाते, तर "थांब तितंच" एवढंच ऐकू आलं. मी खाली शिडी धरून उभी. मग वरून आवाज आला, "हितं पन्हाळीजवळ कुनीतरी उकरलंय गं. उंदरानं न्हाय. बोटाच्या खुना हायती."

तुम्ही मला आत जाऊन पेवाजवळच्या खांबाच्या बुडाशी बसायला सांगितलंत आणि धुण्याची नीळ कालवून त्या खड्ड्यात तांब्या-तांब्यानं ओतलीत. आतून छत कोरडंच होतं. म्हणूनच इतके दिवस कुणी वर बघितलं नव्हतं. मी खांबाकडं बघत बसले. निळं काही दिसू नये म्हणून मी देवाचं नाव घेत होते, आणि ते दिसलं नाही तर ज्वारी जाणार हेही मला कळत होतं. भिंतीत अर्धा बुजलेला तो खांब उभा चिरलेला होता. पाणी वरच्या तुळईवरून त्या चिरेत आणि चिरेतून खाली उतरत होतं. थोड्या वेळानं खांबाखालच्या दगडाच्या कडेनं निळी रेघ आली आणि पेवाच्या दिशेनं जमिनीत मुरून गेली.

तुम्ही खाली आलात. माझा हात धरलात, उलटा केलात, नखं बघितलीत. नखांत पांढरी माती होती.

"कितवा?"

"तिसरा."

"त्याला ठावं हाय?"

"न्हाय."

आता मला माहेरी धाडतील, नाहीतर गालावर पाच बोटं तरी उमटतील, असं मला वाटलं. तुम्ही खाली बसलात आणि हसायला लागलात. मी तुम्हाला तसं हसताना आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही फार नाही. "यव्वा! घर खाल्लंस की गं माझं!" असं म्हणालात आणि पदरानं डोळे पुसलेत. मग म्हणालात, "म्या बी खाल्लीया. तीन पोरांच्या वक्ताला खाल्ली, अन् आज जिभेवर ठिवून वळकली न्हाय. म्हशीला उगं पावसात बांधलं." ते म्हशीचं तुम्हाला खरंच लागलं होतं. आधी तिला आत आणायला लावलंत, मग पुढचं काम.

पन्हाळीजवळचा खड्डा नुसत्या मातीनं भरला तर पहिल्याच झडीत धुऊन जाणार. फाटक्या मोटेच्या चामड्याचा तुकडा घरामागं होता. मोटेला लावतात तसं करडईचं तेल आटवून त्या चामड्याला माखलं, की पाणी थेंबभर जात नाही. पण ती जागा बरोबर देव्हाऱ्यावर येत होती, आणि विभूती लावल्याशिवाय तुम्ही चुलीला हात लावत नव्हता. देवाच्या डोक्यावर चामडं घालायचं म्हणजे काय, हे मला सांगायला नको होतं. तुम्ही गळ्यातल्या लिंगाला हात लावलात. मग म्हणालात, "त्येला बी ह्याच जुंधळ्याचा निवद लागतोय. चालंल त्येला." चामडं बसवलं, त्यावर भूस घालून मळलेली पांढरी थापली, आणि सगळं तुम्हीच केलंत. मला शिडीच्या पहिल्या पायरीवरसुद्धा पाय ठेवू दिला नाहीत. संध्याकाळी चुलीपाशी माझ्यासमोर एक वाटी सरकवलीत. तिच्यात तव्यावर भाजलेल्या पांढऱ्या मातीचे खडे होते. "कच्ची खाऊ नगंस. पोटात किडं हुत्यात. भाजलेली खा, अन् घराला हात लावू नगंस." एवढ्या वर्षांत मला पुष्कळांनी पुष्कळ काही दिलं. त्या वाटीइतकं मला दुसरं काही आवडलं नाही.

तुकडा हळूहळू वाळला. उन्हाची उघडीप मिळाली तेव्हा दार लावून आपण पेवाचं तोंड उघडलं. आतला कोंडलेला वारा जीव घेतो म्हणून आधी कंदील दोरीनं खाली सोडला. तो विझला नाही, तेव्हा तुम्ही उतरलात. मधली ज्वारी चांगली होती. खांबाकडच्या बाजूची काळी पडली होती, कुठं मोड आलेले, कुठं ढेपा झालेल्या. ती वेगळी काढून आपण चुलीच्या धगीवर वाळवली. "ही म्हशीला," तुम्ही म्हणालात.

म्हशीला त्यातली फार थोडी मिळाली. मला ते उशिरा कळलं. तुमचं दळण तुम्ही मी उठायच्या आत दळून ठेवत होतात. तुमची भाकरी टोपल्यात खाली असायची, माझी वर. एकदा मी चुकून तुमची मोडली, तर ती आतून काळपट, कडू आणि त्या वासाची. मी म्हटलं, "आत्याबाई, अर्धी अर्धी खाऊ." तुम्ही माझ्या हातातून ती काढून घेतलीत. "गप खा तुझी. दोन जिवाची हाईस. म्हाताऱ्या तोंडाला कसली आलीय चव?" तुमचा मुलगा दसऱ्याच्या सुमारास परत आला, राज्य बदललं, बाजारात माल यायला लागला, तरी तुम्ही ती काळी ज्वारी संपेपर्यंत खाल्लीत. पेव कसं भिजलं असं त्यानं विचारलं, तेव्हा मी चुलीपुढं मान खाली घालून बसले होते. तुम्ही म्हणालात, "पाऊसच लई झाला औंदा." सुगीच्या तोंडावर मुलगी झाली. पुढं तुमच्याशी माझी भांडणंही झाली, मिठावरून, माणसांवरून, मुलीला शाळेत घालण्यावरून. त्या भांडणांत कधी एकदाही तुम्ही "घर खाल्लंस" हे काढलं नाहीत. माझ्या जिभेवर एवढं राहिलं नसतं.

तुम्ही गेल्यावर खूप वर्षांनी ते घर भूकंपात बसलं. तेव्हा आम्ही इथं होतो. आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठी आहे. दात गेले, डाव्या कानानं ऐकू येत नाही. हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. सूनबाईनं विचारलं तर सामानाची यादी करत होते म्हणेन. त्या काळ्या भाकरीचं तुम्ही सांगितलं ते मी खरं मानलं होतं आणि निवांत माझी भाकरी खात राहिले होते. म्हातारपणी चव जात असेल, असंच मला वाटायचं. जात नाही, आत्याबाई. परवा सूनबाईनं थोडं जुनं पीठ वापरलं, तर पहिल्या घासालाच मला कळलं.